पुराणश्रवणापासून बायबलच्या भाषांतरापर्यंत : पंडिता रमाबाईंचे वाङ्मयीन चरित्र

(१)

धर्मग्रंथांत ओझरत्या उल्लेखाने येऊन गेलेल्या स्त्रियांना कादंबरीच्या द्वारे नव्याने उभे करण्याची प्रवृत्ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य साहित्यात बळावलेली दिसते. याकोबाची कन्या दीना हिला निवेदिका करणारी अनिता डायमंट यांची ‘द रेड टेंट’ (१९९७) ही कादंबरी या प्रवृत्तीचे ठळक उदाहरण होय. मराठीत या स्वरूपाचे पुनर्लेखन प्रामुख्याने महाभारत-रामायणातील स्त्रियांच्या वाट्याला आले. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधील गांधारी, कुंती व द्रौपदी यांची चिकित्सा या संदर्भात सहज आठवते. बायबलमधील स्त्रियांना मात्र मराठी कादंबरीचा असा आश्रय क्वचितच लाभला. मराठीतील आरंभीची कादंबरी म्हणून जिचा निर्देश होतो ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही एका ख्रिस्ती लेखकाची कृती असली, तरी तिचा विषय हिंदू विधवांची दुःस्थिती हा आहे.

मग बायबलमधील स्त्रिया मराठी वाचकाला भेटल्या त्या कोठे? या प्रश्नाचे उत्तर कादंबरीत न शोधता भाषांतरात शोधावे लागते. आणि तसे ते शोधू लागले की पंडिता रमाबाई यांच्या चरित्राशी येऊन थांबावे लागते. समाजसुधारक, विधवांच्या कैवारी आणि धर्मांतरामुळे वादग्रस्त ठरलेल्या विदुषी या तीन नात्यांनी रमाबाईंचे चरित्र पुष्कळदा सांगितले गेले आहे. आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे ज्या कार्यात त्यांनी वेचली ते बायबलचे मराठी भाषांतर मात्र त्या चरित्रांत बहुधा परिशिष्टासारखे येते. वस्तुतः पवित्र ग्रंथ कोणत्या भाषेत असावा आणि तो स्त्रीच्या कानी पडला तर तिला उमगावा की नाही, हा प्रश्न रमाबाईंच्या आयुष्यात प्रारंभापासून अखेरपर्यंत सूत्ररूपाने वावरत होता. त्या सूत्राच्या आधारे त्यांच्या चरित्राची मांडणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(२)

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ या अरण्यस्थानी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे व्यासंगी आणि वैष्णव भक्त. पुण्यास अध्ययन करीत असता पेशव्यांच्या वाड्यात स्त्रीला संस्कृत शिकविले जात असल्याचे त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीसही ती विद्या द्यावी असा निश्चय केला. पुढे द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी संस्कृत शिकविले. त्याबद्दल स्वजातीयांचा रोष ओढवला, शास्त्रार्थाला तोंड द्यावे लागले, तरी त्यांनी माघार घेतली नाही. रमाबाईंना संस्कृत मिळाले ते याच मातेच्या मुखातून. वेद मात्र या उदार पित्यानेही कन्येला शिकविले नाहीत. स्त्रीला विद्या द्यावी, परंतु तिची मर्यादा शास्त्राने आखून दिलेली असावी, अशी ती भूमिका होती.

अरण्यातील आश्रम कर्जामुळे मोडला आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. उपजीविकेचे साधन पुराणवाचन हेच होते. देवालयाच्या ओवरीत, नदीच्या घाटावर किंवा वृक्षातळी पोथी मांडून संस्कृत पुराण वाचावयाचे. श्रोत्यांनी फुले, फळे, धान्य, पैसे पोथीपुढे ठेवावयाचे. अर्थ सर्वांना कळतच असे असे नाही. श्रवणानेच पुण्य लाभते ही श्रद्धा पुरेशी होती. बालवयातच भागवताचे सहस्रावधी श्लोक मुखोद्गत केलेली ही मुलगी त्या व्यासपीठावर आपला वाटा उचलीत असे. ज्या कथा ती सांगे त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या; परंतु ऐकणाऱ्या स्त्रियांना त्या कथांची भाषा परकी होती. या अनुभवाचे महत्त्व पुढील आयुष्याच्या संदर्भात विशेष जाणवते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात प्रथम वडील व त्यामागोमाग आई यांचा अन्नान्नदशेत अंत झाला. थोरली बहीणही गेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास ही दोघे हजारो मैलांची पायपीट करीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितमंडळींनी या तरुण विदुषीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले.

(३)

कलकत्त्यातील वास्तव्यात दोन घटना अशा घडल्या की, त्यांतून पुढील दिशा सूचित होते. स्त्रियांसमोर स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावीत अशी विनंती झाल्यामुळे रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ स्वतः अभ्यासिले. परस्परांशी नित्य विसंवाद असणारे हे ग्रंथ एका बाबतीत एकमुखी आहेत, ती बाब म्हणजे स्त्रीजातीची हीनता व तिला स्वतंत्र मोक्षाधिकार नसणे, असे त्यांच्या ध्यानी आले. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हाती दिली तेव्हा, स्त्रीने वेद कसा वाचावा या शंकेने त्या प्रथम कचरल्या. शंका अखेर मावळली, पण तिच्याबरोबर पित्याने घालून दिलेली मर्यादाही मावळली.

दुसरी घटना बायबलशी संबंधित आहे. एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांना बायबलची संस्कृत प्रत भेट मिळाली. संस्कृत हे ज्यांचे बालपणापासूनचे भाषिक घर त्या रमाबाईंना ते संस्कृत परके वाटले, आशयही दूरचा वाटला आणि त्यांनी ती प्रत बाजूला ठेवली. भाषेचे रूप ओळखीचे आणि तिचा प्राण अनोळखी, असा हा अनुभव होता. भाषांतर म्हणजे केवळ शब्दांची अदलाबदल नव्हे, हा धडा त्यांना अनुवादक म्हणून नव्हे तर वाचक म्हणून प्रथम मिळाला.

बंधूच्या निधनानंतर १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मो विचारांच्या, ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी विवाह केला. सिल्चर येथील संसारात लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका त्यांच्या हाती आली. संस्कृत प्रतीने जे साधले नव्हते ते या लोकभाषेतील लहानशा पुस्तिकेने साधले आणि कुतूहल जागे झाले. ॲलन नामक मिशनऱ्याने सांगितलेली उत्पत्तीची कथाही त्यांना वेगळी वाटली. पतीला हा ओढा रुचणारा नव्हता. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पटकीच्या विकाराने मेधावी यांचा मृत्यू झाला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

(४)

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले, आर्य महिला समाजाची स्थापना झाली आणि हंटर आयोगासमोर त्यांनी स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची निकड मांडणारी साक्ष दिली. याच वर्षी त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पहिले मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. स्त्रियांना उद्योग, विद्या, आत्मावलंबन यांचा उपदेश करणाऱ्या या पुस्तकात आदर्श आहेत ते सीतेसारख्या प्राचीन स्त्रियांचे. त्याची भाषा संस्कृतप्रचुर, प्रौढ आणि पुराणिकाच्या व्यासपीठाची आठवण करून देणारी आहे. स्त्रियांसाठी लिहिलेले पुस्तक बहुसंख्य स्त्रियांच्या बोलीपासून दूर राहिले, हा त्यातील अंतर्विरोध होय. रमाबाईंच्या पुढील लेखनाचा प्रवास या अंतर्विरोधापासून दूर जाण्याचा आहे.

पुण्यात नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच नेहेम्या गोरे, या धर्मांतरित विद्वानाचा प्रभाव त्यांच्यावर पडत होता. वैद्यकाच्या अध्ययनाच्या उद्देशाने १८८३ मध्ये त्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या व वांटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथे झालेला आत्मघात हा त्यांच्यावर मोठा आघात होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

या धर्मांतराची कारणे पुष्कळ चर्चिली गेली आहेत. रमाबाईंनी स्वतः १९०७ मधील आत्मनिवेदनात ज्या प्रसंगाला महत्त्व दिले तो प्रसंग वाङ्मयाच्या अभ्यासकाला अधिक बोलका वाटेल. लंडनमधील फुलहॅम येथे वांटेजच्या भगिनींनी चालविलेले, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांचे आश्रयस्थान त्यांनी पाहिले. ज्यांच्यासाठी धर्मशास्त्राने केवळ दंड सांगितला होता अशा स्त्रियांची शुश्रूषा तेथे चालली होती. यामागील प्रेरणा कोणती असे त्यांनी विचारले तेव्हा योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली.

ही कथा संक्षेपाने अशी : तहानलेला येशू विहिरीवर बसलेला असता पाणी न्यावयास आलेल्या एका शोमरोनी स्त्रीजवळ तो पाणी मागतो. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. त्यातून ही स्त्री, आणि तीही पाच पती होऊन गेलेली. येशू तिच्याशी जीवनाच्या पाण्याविषयी आणि उपासनेच्या स्थानाविषयी बोलतो. म्हणजे धर्मचर्चाच करतो. पाणवठ्यावरील स्पर्शास्पर्श, हीन मानलेली जमात, कलंकित मानलेली स्त्री आणि तिच्याशी समोरासमोर होणारा शास्त्रार्थ, हे सारे घटक ब्राह्मण कुळात वाढलेल्या रमाबाईंना अनोळखी कसे वाटावेत? दूर देशीची कथा त्यांना आपल्या विहिरीवरची वाटली असली पाहिजे. कादंबरीकार प्राचीन स्त्रीला आपल्या काळात आणतो ते कल्पनेच्या बळावर. रमाबाईंच्या बाबतीत तेच कार्य वाचनाने केले, आणि त्या वाचनाचे पर्यवसान लेखनात न होता आयुष्याच्या दिशाबदलात झाले.

(५)

धर्म बदलला, पण प्रश्न विचारण्याची सवय बदलली नाही. जेराल्डिन भगिनी यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्रैक्याचा सिद्धांत, चर्चची अधिसत्ता, आज्ञाधारकपणाची व्याप्ती या सर्वच विषयांवर रमाबाईंनी निःशंकपणे मतभेद नोंदविला. शास्त्र्यांची अधिसत्ता झुगारून पाद्र्यांची स्वीकारण्यात त्यांना स्वारस्य नव्हते; ग्रंथ आपण स्वतः वाचणार व त्याचा अर्थ स्वतः लावणार, ही त्यांची भूमिका होती. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत याला त्यांनी घेतलेला आक्षेपही या संदर्भात लक्षणीय आहे. लॅटिन हिंदी स्त्रीला अगम्य. मग संस्कृत का नको, असा त्यांचा मुद्दा होता. पवित्र भाषेच्या अगम्यतेचा प्रश्न आता दुसऱ्या धर्माच्या अंगणात उभा राहिला होता. तथापि त्यावरचे उत्तर अजून संस्कृत हेच होते, मराठी नव्हे, हेही नोंदविले पाहिजे.

वाढत्या बहिरेपणामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. डॉरोथिया बील यांच्या चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात काही काळ अध्ययन-अध्यापन केल्यावर, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) या इंग्रजी पुस्तकाने त्यांना कीर्ती व कार्यासाठी निधी मिळवून दिला. स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. पुढे महर्षी कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात ‘स्त्रीधर्मनीति’पेक्षा मोकळी, निरीक्षणाला वाव देणारी मराठी आढळते.

१८९० मध्ये सदन पुण्यास आले आणि १८९३ मध्ये वादळ उठले. विद्यार्थिनी रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात या कारणावरून पालकांनी मुली काढून नेल्या, वृत्तपत्रांतून टीकेचा भडिमार झाला आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले. या वादात रमाबाईंची बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. धार्मिक तटस्थतेचे आश्वासन आणि दार उघडे ठेवून केलेली प्रार्थना यांतील ताण त्यांना दिसला नसेल असे नाही. परंतु या प्रकरणाचा परिणाम असा झाला की, मराठी सुशिक्षित वर्गाने त्यांच्याशी असलेला संवाद जवळजवळ संपविला. त्यांच्या नंतरच्या मराठी लेखनाला वाङ्मयीन वाचक लाभला नाही, याचे मूळ येथे आहे.

(६)

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा यांना रमाबाईंनी आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध जारी होते, म्हणून पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथील आपल्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. यातूनच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, दूध-दुभते, तेलघाणा, छपाई अशा उद्योगांबरोबरच अंध स्त्रियांसाठी मनोरमेने ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. कुमार्गाला लावल्या गेलेल्या स्त्रियांसाठी निघालेले कृपासदन ही फुलहॅमच्या स्मृतीची मराठी आवृत्तीच होती.

या वस्तीतील स्त्रिया म्हणजे रमाबाईंचा नवा वाचकवर्ग. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पुष्कळ जणींची मातृभाषाही मराठी नव्हती. १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापले गेले तेव्हापासून मिशनऱ्यांनी पंडितांच्या साहाय्याने मराठी बायबल सिद्ध केले होते. परंतु त्याची भाषा या स्त्रियांना जड जाते असे रमाबाईंना आढळले. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. भाषांतरात योजलेल्या अनेक संस्कृत शब्दांना हिंदू शास्त्रांतील अर्थच्छटा चिकटलेल्या होत्या. त्या शब्दांबरोबर मूळात नसलेला अर्थ वाचकाच्या मनात शिरतो, असे त्यांचे मत झाले. हे मत संस्कृत न जाणणाऱ्या मिशनऱ्याचे नव्हते. त्या छटा ज्यांच्या रक्तात भिनल्या होत्या अशा पंडितेचे होते.

१९०४ च्या सुमारास, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षानंतर, त्यांनी हे काम हाती घेतले. इंग्रजीवरून भाषांतर न करता मुळाकडे जावे यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. कानांनी जवळजवळ साथ सोडलेली असताना नव्या लिपी आणि नवी व्याकरणे आत्मसात करण्याचा हा उद्योग होता. सदनाचा छापखाना होताच. खिळे जुळविणे, मुद्रिते काढणे, बांधणी ही कामे तेथील स्त्रिया करीत. शतकानुशतके पोथीला ज्यांचा स्पर्श निषिद्ध होता, त्यांच्याच हातांनी पोथी घडत होती.

या भाषांतराचे वाङ्मयीन मूल्यमापन करताना त्यातील अंतर्गत ताण दृष्टीआड करता येत नाही. मूळ शब्दाशी काटेकोर निष्ठा आणि खेड्यातील स्त्रीला सहज उमगणारी वाक्यरचना ही दोन उद्दिष्टे नेहमी एकत्र नांदत नाहीत. संस्कृत शब्द वर्ज्य केले की मराठीत गंभीर आशयासाठी उरणारा शब्दसंग्रह अपुरा पडतो, हीही अडचण आहे. तथापि ज्या लेखिकेचे पहिले पुस्तक संस्कृतप्रचुर होते तिनेच तीन दशकांनी स्वतःच्या भाषेतील संस्कृत एक-एक शब्दाने वेचून काढावे, ही मराठी गद्याच्या इतिहासातील असामान्य घटना आहे. स्वतःच्या विद्येचाच हा त्याग होता.

या वाचकवर्गासमोर बायबलमधील स्त्रिया कोणत्या रूपात आल्या असतील, याचा विचार करण्यासाठी रूथचे पुस्तक पाहणे उद्बोधक ठरेल. त्याचा आरंभच दुष्काळाने होतो. बेथलेहेमचे एक कुटुंब पोटासाठी मवाब देशी जाते, पुरुष मरतात, सासू नामी व सुना अर्पा आणि रूथ या तीन विधवा मागे राहतात. परकी रूथ सासूची साथ सोडत नाही आणि तिच्या गावी येऊन कापणीनंतर शेतात पडलेला सरवा वेचून दोघींचे पोट भरते. दुष्काळातून आलेल्या, वैधव्य भोगलेल्या आणि शेतात राबणाऱ्या केडगावच्या स्त्रीला ही कथा समजावून सांगावी लागली नसेल. तिला कादंबरीकाराने घातलेल्या तपशिलाची गरज नव्हती; तपशील तिच्या अनुभवात होता. गरज होती ती फक्त शब्दांची आड आलेली भिंत दूर होण्याची. रमाबाईंच्या भाषांतराचा वाङ्मयीन अर्थ येथे सापडतो.

(७)

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये, आईच्या कार्याची वारस मानली गेलेली मनोरमा चाळिसाव्या वर्षी निवर्तली. त्या वर्षी पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस मुळशीच्या खोऱ्यात धरणाविरुद्ध सत्याग्रह पेटला होता आणि पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचे लक्ष तिकडे लागले होते. जिल्ह्याच्या पूर्वेस केडगावी, पुण्याने तीन दशकांपूर्वी दूर लोटलेली एक वृद्ध, बहिरी विदुषी एकुलत्या कन्येच्या मृत्यूनंतरही मुद्रिते तपासीत होती. भाषांतर संपवूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये बाहेर पडला.

या ग्रंथाचे पुढे जे झाले ते त्याच्या कर्तीच्या आयुष्याशी सुसंगतच म्हणावे लागेल. मराठी चर्चमध्ये प्रचार राहिला तो बायबल सोसायटीच्या भाषांतराचा. वाङ्मयेतिहासाने ना. वा. टिळकांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांना ‘स्मृतिचित्रे’मुळे आपलेसे केले, रमाबाईंच्या बायबलची दखल मात्र वाङ्मय म्हणून फारशी घेतली नाही. धर्मग्रंथ म्हणून ते साहित्याच्या कक्षेबाहेर ठरले आणि रूढ प्रतीहून वेगळे म्हणून धर्माच्या वापरातही मागे पडले.

असे असले तरी रमाबाईंच्या आयुष्याचा आलेख या ग्रंथाशिवाय पूर्ण होत नाही. घाटावर बसून न कळणारे पवित्र शब्द ऐकणाऱ्या स्त्रियांपुढे जी मुलगी पुराण वाचीत असे, तिने अखेरीस पवित्र शब्द कळावेत म्हणून स्वतःची भाषा मोडून पुन्हा घडविली. देव बदलला, ग्रंथ बदलला, गाव बदलले. समोर बसलेली श्रोती तीच राहिली. बायबलमधील स्त्रियांची मराठी कादंबरी उद्या कोणी लिहील तेव्हा त्या लेखनाची पूर्वपीठिका ‘यमुनापर्यटन’पेक्षाही केडगावच्या छापखान्यात शोधावी लागेल.